पुळणीवरच्या गाड्या

आधी भरतीचं कोष्टक बघायचं,
पेट्रोलचं नंतर.
माघी पौर्णिमेच्या संध्याकाळी दर्या इतका मागे सरायचा
की कर्द्याची पुळण पाटासारखी कडक व्हायची,
टाच आपटली तरी खळगा पडत नसे.
तेवढाच आमचा ट्रॅक:
सुरूच्या शेवटच्या झाडापासून
पावशांच्या उपड्या घातलेल्या होडीपर्यंत,
तिला वळसा, आणि परत.
सात फेऱ्या. मग जागा
ज्याची त्याला देऊन टाकायची.

गाड्या तरी कसल्या!
लियाकत परकारची फियाट,
मुंबईत टॅक्सी म्हणून झिजून आलेली,
दारं काढलेली, बॉनेट सुंभाने बांधलेलं.
भिकू दोरकुळकरची विलीज जीप, लिलावातली,
तिला रिव्हर्स पडत नसे.
"पाठी जायचाच कशाला?" भिकू म्हणायचा.
आणि बाबांची स्टँडर्ड हेराल्ड.
तिच्या मागच्या सीटवर मांजर व्याली
तेव्हा पिल्लांचे डोळे उघडून ती चालती होईपर्यंत
बाबांनी गाडी हलवली नाही.
एक सबंध मोसम हुकला.
आई आठवडाभर हसत होती.

नंबर होडीच्या रंगाने काढलेले.
भिकूचा चार उलटा पडला,
तो तसाच वाळला.

मी अकरा वर्षांची. माझ्याकडे फेऱ्या मोजायचं काम.
होडीला वळसा घालून गाडी आली
की ओच्यातला एक शिंपला वाळूत ठेवायचा.
लियाकतचाचांचे पांढरे, भिकूचे तपकिरी,
बाबांना जांभळे;
जांभळे शोधायला दुपार जायची,
पण बाबांना तेच.

कोळणी रिकाम्या टोपल्यांवर बसून बघायच्या,
पैज लागायची पापलेटच्या जोडीवर.
बोंबलांच्या वासात जळक्या ऑइलचा वास मिसळला
की मला भूक लागायची.
अजून लागते.
ओल्या वाळूवर वळताना
फियाटचं मागचं चाक सरकायचं,
आणि चाचा ते सरकू द्यायचे,
मुलाला पोहायला शिकवताना
हात सोडतात ना, तसे.

शेवटच्या वर्षी फियाट होडीपाशी बंद पडली.
वाळू मऊ होत चालली होती.
रापणीचा दोर बांधला, सगळं गाव ओढायला लागलं,
आवाजही तोच, मासळी ओढतानाचा.
दोर आला, बंपर आला.
गाडी नाही आली.
चाचा आतच बसलेले.
पाणी क्लचपर्यंत आलं तेव्हा उठले,
चावी काढून खिशात टाकली,
आणि काचेवरची वाळू पुसली.
काच पुसायची काय गरज होती,
असं मी बाबांना विचारलं.
ते बोलले नाहीत.

त्यांच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या.
सहावा शिंपला माझ्या हातात होता.
तो मी ठेवला की नाही, आठवत नाही.

पुढे चाचा कुवेतला गेले, पाण्याचा टँकर चालवायला.
एक पत्र आलं बाबांना:
इथे वाळू पुष्कळ, ओहोटी नाही.
हेराल्ड भंगारात गेली, वजनावर.
भिकूच्या जिपेने शेवटी होड्या ओढल्या,
पुढेच ओढल्या.
त्याचा नातू आता पुळणीवर
पर्यटकांना चारचाकी मोटारसायकली फिरवायला देतो,
दोनशे रुपये फेरी.
मोजायला कुणी नसतं. मोबाइल वाजतो.

मोठ्या ओहोटीला कधीतरी
फियाटचा आस वर येतो.
त्यावर कालवं धरलीत, दाट.
बायका कोयती घेऊन जातात,
मीही गेले आहे.
भिकू म्हणायचा, ह्या कालवांना पेट्रोलची चव लागते.
मी दोनदा खाऊन बघितली,
लिंबू न पिळता.
मिठाची लागली. नुसती मिठाची.