एकास बत्तीस

सावद्याला वैशाखात रंग नळीतून निघतो
आणि प्लॅस्टिकवर पोचायच्या आत वाळतो.
नुसती भुकटी बसते, पिठीसाखरेसारखी.
म्हणून मी पहाटे चारला उठतो,
कूलर बंद करतो.
मधुकांता उशीवरूनच म्हणते,
"लागले का इमानाच्या नादी?"

लागलो.

भाच्याने खोकं पाठवलं.
वर चित्र: ढगांच्या पलीकडे मिग,
रुपेरी, एकही डाग नसलेलं.
असं विमान सव्वीस वर्षांच्या नोकरीत
मी पाहिलं नाही.

मी एअरफ्रेम फिटर. उडलो कधीच नाही.
विमान मला ठाऊक ते खालून,
पाठीवर पडून:
पोटाची झाकणं, चाकांच्या खोबणी,
कोपरावर ठिबकणारं लाल तेल.
खोक्यात तेल नव्हतं.

जोडणीला तीन महिने गेले.
सांध्यांत लांबी भरली, ओला पॉलिश कागद फिरवला.
डोळ्याला न दिसणारी शिवण
नखाला लागते.
आधी काळा चकचकीत हात, त्यावर रुपेरी,
इतका पातळ की श्वासाने मळावा.
लांबी हातभर. माझ्या उंचीचा माणूस
त्याच्याशेजारी दोन इंच.

मग मळवायला घेतलं.

मेहुणा गिरधर केळीची गाडी रवाना करून आला.
"दाजी, बारा हजाराचं इमान, नवं कोरं,
अन् मळवू राहिले?"
त्याच्या सदऱ्यावर चिकाचे डाग,
कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
म्हटलं, उद्या घड कापशील
तेव्हा वाटीभर चीक आण.

चीक आधी पाण्यासारखा, दुपारपर्यंत तपकिरी.
बारीक कुंचल्याने झाकणांच्या मागच्या कडेपासून
शेपटाकडे ओढला.
उभं विमान सरळ खाली गळतं,
उडणारं मागे.
हे पुस्तकात नसतं.

नळकांड्याच्या आत काजळी,
कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्यांची.
अजून भरताचा वास येतो.
टायरना आमची काळी माती चालेना,
वाळवंटातल्या तळावरची धूळ फिकट होती.
तापीच्या पात्रातली वाळू वस्त्रगाळ केली.

डाव्या पंखाचं मूळ मात्र
मी शेवटपर्यंत कोरं ठेवलं.

तिथे एका रात्री,
टॉर्च थंगराजच्या हातात असताना,
माझा स्क्रू ड्रायव्हर घसरला.
चार बोटं चरा.
अंगठा फिरवला. खोल नव्हता.
पहाटे उड्डाण होतं.
थंगराजने टॉर्च विझवला
आणि वहीत आम्ही ओळ लिहिली नाही.

विमान आणखी नऊ वर्षं उडलं.
काही झालं नाही.
काहीच झालं नाही.
तरी ते उतरायला आलं की
हातातलं काम टाकून
चाकं टेकेपर्यंत मी उभा राहायचो.
लोक म्हणायचे, बोरोलेला विमानाची फार माया.

चार बोटं भागिले बत्तीस:
ज्वारीच्या निम्म्या दाण्याएवढा.
भिंग लावलं. मधुकांताची शिवणाची सुई घेतली.
श्वास रोखला,
पण एकाहत्तराव्या वर्षी हात कुणाचं ऐकतो?
चरा किंचित लांबला.
म्हणजे खऱ्या विमानावर दोन बोटं जास्त.
राहू दिला.

गिरधरने उलटंपालटं करून पाहिलं,
चीक ओळखला, हसला.
पंखाच्या मुळावरून त्याचा अंगठा गेला
आणि थांबला नाही.

काल पहाटे जोडणीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर
पट्टीने रेघा मारल्या.
तारीख लिहिली, ती रात्रीची.
डावा पंख, मूळ, चरा, चार बोटं.
खाली सही, हुद्द्यासकट.
नियमाने दोघांच्या लागतात.
दुसरी जागा मोकळी सोडली.

मग कूलर लावला.