मात्रा

कॅल्गुर्लीत शेडचा पत्रा सकाळी नवालाच तापतो.
क्लेम ट्रेगेन्झा पात्यांचा डबा उघडतो.
खोकल्याच्या गोळ्यांचा जुना डबा, आत बारा-बारांच्या जुड्या,
प्रत्येकीला रबर.
गिजीच्या फळीवर तो आधी नख रोवून बघतो.
नखच दुमडतं.

हे लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं.
झाड आणि दगड यांच्या मधे कुठंतरी
याचं मन बदललं असावं.

मला वाटायचं, एवढ्या घट्ट लाकडाला बारीक दात हवेत,
उंदरासारखे कुरतडत नेतील.
क्लेम म्हणाला, उलट.
दात दाटीनं बसले की भुशाला वाट उरत नाही,
तो आतच दळत राहतो, पातं तापतं,
कड काळी पडते, आणि तू म्हणतोस लाकूड वाईट.
सात नंबर घे. दात थोडे, मधे मोकळं.
खालचे चार उलटे असलेलं, म्हणजे पाठची कड फाटणार नाही.
फळीवर चिकटपट्टी लाव. वेग निम्मा.
आणि ढकलू नकोस, त्याला यायचं तेव्हा ते येतं.

दात कोरून पोट भरत नाही एवढं मला ठाऊक होतं,
करवतीचंही तेच, हे एकसष्टाव्या वर्षी कळलं.

पातं चढवून, ताणून, तो बोटानं छेडतो.
टिंग.
अर्धा आटा अजून. टिंग, जरा वरचा.
"हां," म्हणतो, आणि कानातलं यंत्र काढून
खिशात टाकतो.

बाकासाठी नाव कापायचं होतं.
येर्को लॉव्रिच. छत्तीस वर्षं जमिनीखाली
क्लेमच्या शेजारी ड्रिल धरून उभा असलेला.
हजेरीपटावर, पगाराच्या पाकिटावर,
निरोपाच्या घड्याळामागंसुद्धा
लॉव्रिक.
कचेरीतल्या टाइपरायटरला
शेवटच्या अक्षरावरची तिरपी रेघ नव्हती,
आणि ती रेघ गेली की च चा क होतो.
येर्को कधी काही बोलला नाही.
क्लेमनंही छत्तीस वर्षं लॉव्रिकलाच हाक मारली,
लॉव्रिकच ओ देत राहिला.

नेव्हेन्का, त्याची मुलगी, कागद घेऊन आली.
बापाच्या सहीवरून गिरवलेली अक्षरं
आणि टोकाला ती रेघ,
एखाद्या मात्रेएवढी.

अक्षरं सात नंबरनं निघाली, दर अक्षराला नवं पातं.
पातं तसंही जरा उजवीकडे ओढतं,
बोथट झालं की हट्टाला पेटतं, म्हणून.
मात्रेपाशी सात नंबर वळेना.
पाच लावलं, टोक जळलं.
तीन लावलं. पहिलं तुटलं. दुसरं तुटलं.
तिसरं माझ्या गालाला चाटून गेलं.
नेव्हेन्का म्हणाली, राहू दे, बाबांना सवय होती.
क्लेमला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.
त्यानं वेग आणखी उतरवला, श्वास धरला,
सहाव्या पात्यावर तुकडा सुटला

आणि उडाला.

चार म्हातारे आणि नेव्हेन्का, सगळे गुडघ्यांवर.
भुसा चहाच्या गाळणीनं गाळला.
क्लेमचं यंत्र खिशातच होतं,
आपण मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं:
लॉव्रिच, म्हणत होता,
लॉव्रिच, लॉव्रिच,
जीभ नव्या दातांची सवय करते तसं.
आम्ही कोणी वर पाहिलं नाही.

मात्रा सापडली नेव्हेन्काच्या बुटाच्या नाडीत.

बाक आता फाटकाशी असतो.
काल पोस्टातला पोरगा टेकला, नाव वाचलं: लॉव्रिक.
क्लेम डब्यात जुड्या लावत होता, तीनवाली जुडी
अर्धी झालेली.
मान न उचलता म्हणाला,
"वर बघ."