चार आकडे

अ‍ॅबर्डीनच्या कोर्टात आम्ही पंधरा जण,
एक खोली, एक किटली,
बिस्किटांचा डबा पहिल्याच दिवशी संपलेला.
माझा ज्यूरीत नंबर चौथा.
एकतीस वर्षं टॅक्सी चालवली, बहुतेक रात्रीची.

कॅमेऱ्यात कर्स्टी दिसते,
एक बूट पायात, एक हातात,
चिप्सच्या दुकानात काउंटरला टेकलेली.
कार्ड घालते. चार आकडे दाबते.
बरोबर.
मागे फर्गस, तिचा कोट सांभाळत.
दोन वाजून अकरा मिनिटं.
पुढचं तिला काहीच आठवत नाही.
त्याला सगळं आठवतं. ती हो म्हणाली, म्हणतो.
निदान नाही म्हणाली नाही.
ही दोन वाक्यं तो एका श्वासात बोलला,
जणू दुसरं पहिल्याचंच धाकटं भावंड.

"आकडे बरोबर होते," ग्रेगर म्हणाला,
विमा कंपनीतला, टाय सैल न करणारा.
"म्हणजे शुद्धीत होती."
शोना केस कापते. ती म्हणाली,
"माझ्या आईला शेवटी माझं नाव आठवत नसे,
पण स्वेटर विणायची. एक टाका चुकत नसे."

डगल दोन दिवस गप्प होता.
फेरीबोटीवरचा इंजिनियर, हातांना अजून ग्रीस.
"माझा भाऊ मास्तर. एका मुलीने त्याचं नाव घेतलं.
अकरा महिन्यांनी तीच म्हणाली, तसं काही घडलंच नव्हतं.
शाळेने परत बोलावलं. तो गेला नाही.
लर्विकला मासे पॅक करतो. फोन उचलत नाही."
किटली उकळून आपोआप बंद झाली.
"पण ती ही मुलगी नव्हे, डगल," शोना हळूच म्हणाली.
"ठाऊक आहे. हा पोरगाही माझा भाऊ नव्हे.
बसतो मात्र तसाच, गुडघ्यांत हात घालून.
त्याला मी काय करू?"

मग मी माझं सांगितलं.
मागच्या सीटवर सगळे पाहिलेत मी,
गाणारे, रडणारे, भाडं दोनदा देणारे.
एकदा एका मुलीने पत्ता दिला, घरनंबरासकट, खणखणीत.
नेलं. तिथे नुसतं मोकळं मैदान.
"हेच," म्हणाली, आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागली.
सात वर्षांची होईतो ती तिथे राहायची.
इमारत पाडून एक तप झालेलं.
ग्रेगर म्हणाला, किस्सा म्हणजे पुरावा नव्हे.
बरोबरच होतं त्याचं.

एक सांगितलं नाही.
सत्त्याहत्तरचा नाताळ, कॅनरीतली इश्बेल,
वरच्या खोलीत पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग.
दोघंही प्यायलेलो.
ती हसत होती, हे आठवतं.
मी विचारलं होतं का, हे नाही.
एवढी वर्षं ती आठवण गोड म्हणून जपली,
अधूनमधून, सिग्नलला थांबलो की, चघळली.
तिसऱ्या दिवशी दुपारी, त्या खोलीत, उलगडून पाहिली तर
तिच्यात इश्बेलचा एकही शब्द नव्हता.

आमच्याकडे तेव्हा निकाल तीन असत.
दोषी. निर्दोष.
आणि शाबित नाही,
म्हणजे खांदे उडवणं, फक्त कायद्याच्या भाषेत.
त्याला आठ हात वर गेले.
आठवा माझा, जरा उशिराने.
कर्स्टीची आई उठून बाहेर गेली.
फर्गस रडला.
डगलने कोट उलटा घातला आणि तसाच निघाला.

रात्री बंदराजवळ गाडी लावली.
एक हॅडक, मीठ, व्हिनेगर जास्त.
छतावर सीगल भांडत होते, मी त्यांच्याकडे पाहत होतो बहुतेक,
कारण भानावर आलो तेव्हा
काउंटरमागचा पोरगा पावती पुढे करून उभा होता.
"झालं?" मी विचारलं.
"झालं की," तो म्हणाला. "तुम्हीच तर दाबलेत."