कार्डावरचं नाव

टिपरच्या मागच्या चाकाखाली
सापडलं ते पिल्लू.
चाक दोन वर्षं हललेलं नाही
म्हणून वाचलं म्हणायचं,
नाहीतर त्याच्या आईला ठाऊक असावं
की वेळग्यात सगळ्यात सुरक्षित जागा
म्हणजे माझं बंद पडलेलं पोट.

रंग खनिजाचा.
दोनदा आंघोळ घातली, पाणी तांबडं निघालं,
तिसऱ्यांदा कळलं, रंग त्याचाच आहे.

शेवंतीनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं:
नाव ठेवायचं नाही.
नाव ठेवलं की आपलं होतं,
आपलं झालं की खर्च होतो.
आम्ही त्याला 'ते' म्हणायचो.
ते ओसरीवर मुतलं.
त्यानं माझी चप्पल खाल्ली, डावी.

डिचोलीच्या दवाखान्यातली मिनेझिस डॉक्टरीण
चिठ्ठीवर लिहून देते:
एक आता, दुसरं एकवीस दिवसांनी, मग तिसरं.
रेबीजचं तीन महिन्यांचं झाल्यावर,
ते फुकट.
बाकीच्याचे पैसे.
मी म्हटलं, फुकटातलं तेवढंच घेतलं तर?
ती चष्मा पुसत म्हणाली,
ते चावल्यावर तुम्हाला काय होईल,
त्याची सोय फुकटात आहे.
त्याला काय होईल, त्याची नाही.

शेजारचा कुष्टा म्हणतो,
गावठी सुण्याक किदेंच जायना.
त्यानं आजवर सात पाळले.
कुठं आहेत विचारलं
तर कुळागरातल्या माडांकडे बोट करतो,
एकेका माडाच्या मुळात एकेक.
माड बरे लागतात, म्हणतो.

टिपरचा विमा संपला
तेव्हा मी एवढा विचार केला नव्हता.
उभ्या गाडीला कसला विमा?
हे मात्र चालतं.
गटारात तोंड घालतं,
मेलेल्या बेडकाला हुंगतं,
येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यापुढे
पोट वर करून लोळतं.

नऊ वर्षांचा होतो मी,
पिंडरीला चावलं होतं.
म्हापशाच्या आझिलोत बेंबीभोवती चौदा सुया,
रोज एक.
बाप चौदा दिवस कामावर गेला नाही.
किती मजुरी बुडाली ते तो बोलला नाही,
मीही कधी हिशेब केला नाही.
परवा केला.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.

त्याच रात्री ते ओकलं.
पेज, मग नुसता फेस.
जाग आली तेव्हा शेवंती बॅटरी घेऊन ओसरीवर,
पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसत
हळू आवाजात म्हणत होती,
रातांबो, उठ रे,
रातांबो.
मी विचारलं, हे कधीपासून?
ती म्हणाली, डाव्या चपलेपासून.

सकाळी स्कूटरवर, भाजीच्या पिशवीतून.
डॉक्टरीण म्हणाली, जंत आहेत, आणखी काही नाही.
आधी त्याचं औषध, सुई आठ दिवसांनी.
तोवर विचार करा.
विचार झाला, शेवंती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

आठ दिवसांनी कार्ड मिळालं.
नाव, रंग, जन्मतारीख अंदाजे.
मालक लिहिताना डॉक्टरीण थांबली,
आम्ही दोघं एकदमच बोललो होतो.
सुई टोचली तेव्हा ते ओरडलंच नाही,
टेबलावरचा कापूस चघळत राहिलं.
शेवंतीचा हात माझ्या मनगटावर होता,
नखांचे वण संध्याकाळपर्यंत राहिले.

कार्ड मी टिपरच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं,
फिटनेस, परवाना, विमा,
सगळ्यांच्या तारखा गेलेल्या.
याचीच तेवढी यायची आहे.

कुष्टाला आकडा निम्मा सांगितला.
तरी तो 'देवा!' म्हणाला.

सगळ्या सुया होईपर्यंत
जमिनीवर सोडू नका, असं सांगितलंय.
म्हणून दुपारचं ते टिपरच्या केबिनमध्ये असतं.
बसतं ड्रायव्हरच्या सीटवर,
स्टिअरिंगच्या खालच्या कडेला दात लावून.
मी शेजारी,
क्लीनरच्या जागेवर.