आडवी रेघ

कागद सोमवारी लागला, हजेरीच्या घड्याळाशेजारी,
एक टाचणी निसटलेली.
ड्रायव्हरच्या दोन जागा. खाली सह्यांसाठी ओळी.
पहाटेचे साडेतीन, बाहेर ईरी सरोवरावरून
आडवा येणारा बर्फ,
आणि आम्ही आठ-दहा जण हातमोजे काखेत धरून
तो दोन-दोनदा वाचत होतो.

इथे हुशारी चालत नाही, वशिलाही नाही.
चालते ती तारीख,
ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा पट्ट्यासमोर उभे राहिलात ती.
माझी: अकरा वर्षांपूर्वीची चौदा नोव्हेंबर.
लोरेटाची: त्याच नोव्हेंबरची नऊ.
पाच दिवसांनी थोरली,
सुट्ट्या निवडताना, ओव्हरटाइमला,
उन्हाळ्यात पंख्याखालच्या जागेला.

पहिली जागा विन्स्लोची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
दुसरी तिची.
मी सही ठोकली ती सवयीनं,
वर तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडून.

गुरुवार उजाडला तरी ओळ मोकळीच.
मी विचारलं नाही. खोकी रचता रचता तीच म्हणाली,
"डेक्स्टरचं डायलिसिस. मंगळ, गुरू, शनी, दुपारी बारा.
ड्रायव्हर दुपारी बाराला कुठे असतो?"
मग एक जड खोकं गुडघ्यानं आत सारलं.
"अन् असं तोंड करू नकोस. मी मेले नाहीये."

युनियनच्या स्टॅन ग्रॅबोव्स्कीनं मला बाजूला घेतलं.
"तीस दिवस. गाडी कुठे घासलीस तर परत पट्ट्यावर.
ते घाई करतील, तू करू नको.
आणि जेवणाची सुट्टी बुडवायची नाही.
त्या सुट्टीसाठी माझा बाप सोळा दिवस
फाटकाबाहेर पिंपात लाकडं जाळत उभा होता."
फॉर्म भरायला पेन दिलं,
आणि लगेच परत मागून घेतलं.

किल्ली करंगळीत. डावा हात कठड्याला.
आरशात बघ, परत बघ, मग मागे घे.
पहिल्या दिवशी एकशे एकतीस थांबे,
नऊ कुत्री, त्यातलं एकच खरं.
सव्वीसाव्या रस्त्यावर एका घराचं खोकं
मी वीस मिनिटं शोधत होतो, ते निघालं
वरच्या फळीवर, टायरांच्या मागे, पालथं.
लोडरला तोंडभर शिव्या दिल्या
आणि मध्येच थांबलो.
अकरा वर्षं माझ्या हातच्या गाड्या घेऊन
कोण कोण असं बोंबलत फिरलं असेल.

चौथ्या आठवड्यात माझी गाडी कुणीतरी बदलून घेतली.
मागचं दार वर केलं, तर जड ते खाली, दाराशी,
नंबर बाहेरच्या बाजूला, पिवळ्या खडूनं,
आणि प्रत्येक साताच्या पोटात एक आडवी रेघ.
असा सात आख्ख्या इमारतीत एकीचाच.

तिसावा दिवस गेला. स्टॅननं पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.
पगार किती वाढला हे मी लोरेटाला सांगणार नव्हतो.
तिनंच सांगितला, सेंटपर्यंत,
पुढच्या चार वर्षांचासुद्धा. करार तिला पाठ आहे.

एक गोष्ट मात्र दोघांनी काढली नाही.
ड्रायव्हरांची यादी वेगळी असते.
तिच्यात तारीख नव्यानं सुरू होते.
उद्या डेक्स्टरला किडनी मिळाली, तिनं सही केली,
तर ती येईल माझ्याखाली.

मंगळवारी बाराला माझी गाडी
पीच स्ट्रीटवरच्या दवाखान्यासमोरून जाते.
तिची निळी ब्यूइक तिथे उभी असते, काचा धुकटलेल्या,
आत ती, टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेली.
मी हॉर्न वाजवत नाही.
कोपऱ्यावर गाडी लावतो, डबा उघडतो,
आणि पूर्ण एक तास
जेवतो.