तीन पेड

लर्विकच्या धक्क्याला लागून आज तिसरा दिवस.
गलबत हलत नाही, म्हणून कुणाला झोप नाही.
शिवाय जूनमध्ये इथे काळोखच पडत नाही,
रात्री अकराला आकाश
ताकाच्या निवळीसारखं नुसतं फिकट होऊन राहतं.

बंदर म्हणजे गोडं पाणी.
धक्क्यावरच्या नळाला पाइप जोडला
आणि सतरा दिवसांचं मीठ केसांतून निघालं.
पण कपडे दोरावर वाळत घालायचे नाहीत,
दोरावर पताका आहेत.
पितळ घासायचं. पाहुणे हात लावून जातात,
पुन्हा घासायचं.
काल साहेबलोकांची मेजवानी झाली,
बेहेराने दीडशे समोसे तळले,
फुटलेले आमच्या वाट्याला.

माझी ड्यूटी शिडीपाशी.
माणूस चढलं की यंत्रावर अंगठा दाबायचा, टक्.
लोक विचारतात, तुम्ही खरंच वर चढता?
वारं असताना? मुलीसुद्धा?
एक पोर विचारतं, शी कुठे करता?
टक्. टक्.
मी सांगत नाही
की बाबांच्या ट्रॉलरला शीड नाही,
डिझेलच्या वासात मी वाढले,
आणि परबान, आलाद, कलमी
हे शब्द आमच्या देवगडात आता
कुणी हाक मारली तरी ओ देणार नाहीत.
शीड फुगताना पहिल्यांदा पाहिलं
ते विसाव्या वर्षी, सरकारी पगारावर.

तो म्हातारा आला तेव्हा
सगळ्यांसारखं मान वर करून डोलकाठीकडे पाहिलं नाही त्याने.
कठड्याशी वाकला.
मी आदल्या दिवशी गुंफलेला फेंडरचा दोर
अंगठ्याने चाचपला,
जसं बाजारात बांगड्याचे गाल उघडून बघतात,
आणि काही न बोलता उतरून गेला.
डाव्या हाताला दोन बोटं कमी.

रात्री पावणेअकराला परत.
शिडी बंद, मी पहाऱ्यावर.
म्हणाला, लॉरी इज्बिस्टर,
आणि खिशातून लाकडी टोच्या काढला.
दोर बाहेर लोंबतच होता, त्याने धक्क्यावर बसून ओढून घेतला
आणि माझं सगळं काम उसवलं.

त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं,
हात पूर्ण कळत होते.
पिळाच्या उलट. एकावरून, एकाखालून. आवळ.
आई वेणी घालायची तसं,
डोळे ताणले जाईपर्यंत.
(माझे केस आता कानापर्यंतच.)
तोही इंजिनवालाच निघाला,
चाळीस वर्षं हेरिंग, सगळी डिझेलवर.
दोर बापाने शिकवला होता,
लागला तर असावा म्हणून.
लागला का, मी विचारलं.
त्याने टोच्या माझ्याकडे केला.
मागे पाण्यात एका सीलने डोकं वर काढलं,
आमच्याकडे पाहिलं,
काही विशेष नाही असं ठरवून बुडाला.

त्यानंतर आईचा फोन. तिथे पहाट.
काय जेवलंस गो?
समोसे.
आणि थय अजून उजेड? रात नाय?
नाय गो.
मग निजतंस कधी?

सकाळी बोसन कुजूर फेरीला आले.
दोर हातात घेतला, गुडघा टेकवून ओढला.
मेथर, हे तुझं?
हो सर.
आता जमतंय तुला.
आणि वहीत लिहिलं, एकूण पाहुणे बाराशे सहा.

आता किनारा सुटून नऊ दिवस झाले.
रात्र परत आली आहे, चांगली काळी.
दुसऱ्या पहाऱ्यानंतर मी दोराचा जुना तुकडा घेऊन बसते,
उसवते, गुंफते, उसवते.
काल अकराव्यांदा
अंगठ्याखाली ते लागलं,
जवळपास तसं.

कुजूरना अजून सांगितलेलं नाही.