ऐंशीच्या पुढचा आवाज

एल्डनला तो ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी उभं राहून
त्याच्या कानांतली एक पट्टी कायमची झिजली.
म्हणून आमच्या गाडीचे कान मी.

न्यूफाउंडलंडचा हा रस्ता सहा महिने मीठ खातो
आणि खाल्ल्या मिठाला जागत नाही,
लोखंड खातो.
मार्चमध्ये जुनं बेअरिंग गेलं तेव्हा मीच म्हणाले,
पुढचं, डावीकडचं;
उजव्या वळणावर घुमतं, डाव्या वळणावर गप्प.
तुला काय कळतंय, असं तो म्हणाला नाही.
नट दोन दिवस तेल पीत बसला.
तिसऱ्या दिवशी सुटला.

नवं बेअरिंग निळ्या खोक्यातून आलं.
प्रेस वॉल्टर बडजेलकडून उसना.
जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून
एल्डननं कागदाची टाचणी लावून लावून पाहिली
चुंबकाची बाजू कुठली,
आत कुठली जाते, बाहेर कुठली राहते.
टॉर्क रेंचचा 'टक' त्याला ऐकू जात नाही,
म्हणून मी थंडीत उभी.
झाला, असं हातानं सांगितलं.

तीनशे किलोमीटर झाले असतील.
गँडरच्या अलीकडे, ऐंशीच्या पुढे,
शेजारच्या खोलीत फ्रीज सुरू व्हावा तसं काहीतरी.
मी रेडिओ लावला.
बंद केला.
टायर असेल, म्हटलं. डांबर नवं असेल.
बोलले असते तर ते बेअरिंगबद्दल झालं नसतं,
त्याच्या हातांबद्दल झालं असतं.

घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला,
"उजवं वळण आलं की तू श्वास धरतेस."

मग जॅक. मग चाक हवेत.
चाक मी फिरवलं,
त्यानं स्प्रिंगवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
बराच वेळ.
"वाळू," म्हणाला.

दुकानात रॉडी पार्डी:
हातोडीनं ठोकलं असणार.
प्रेसनं? मग तिरकं दाबलं असणार.
पार्ट कधी खराब नसतो, मालक,
बसवणारा असतो.
तरी दुसरं दिलं, त्याच फळीवरचं,
त्याच निळ्या खोक्यातलं, खालचा नंबरही तोच.
एल्डननं ते सवयीनं आपल्या कानाशी फिरवलं,
मग माझ्या.
सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.
हीटर घरघरत होता, रॉडीची खुर्ची करकरत होती.
ठीक आहे, मी म्हणाले.
ठीक होतं की नाही, कोण जाणे.

जुनं त्यानं ग्राइंडरनं कापलं.
आतल्या कडीवर बारीक डाग, सारख्या अंतरावर,
नखं रुतल्यासारखे.
कारखान्यात पडले, की ट्रकमधून आपटून,
की आमच्याच अंगणात, शेवटच्या दाबाला,
ते त्याला कळलं नाही. मलाही.
दोन्ही अर्धुकं शेडच्या खिडकीत आहेत.
वॉल्टर आला की उचलून बघतो,
काही न बोलता परत ठेवतो.

आज दोनशे सत्तर झाले.
ऐंशीला काटा गेला की एल्डन
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो.
विचारतो, म्हणजे.
डावीकडे तळं अजून गोठलेलं,
पुढे उजवं वळण.
"अजून तीस थांब," मी म्हणाले,
आणि या वेळी श्वास घेतला,
त्याला दिसेल असा.